पाणी कमरेइतकंच

वच्छीच्या मुलाचा कोरपन्याहून फोन आला तेव्हा मी पणतीला अंघोळ घालत होते. म्हणजे पणती कोरडी आणि मी कमरेपर्यंत ओली, असा प्रकार चालला होता. "मामी, आई गेली..." तो म्हणाला. सकाळचा चहा पिऊन, पेला पालथा घालून गेली म्हणे. मी खाली पाहिलं. लुगड्यातून पाणी गळत होतं, आणि अशा वेळी येऊ नये ते हसू आलं. वच्छी माझी नणंद, आणि आमची खरी ओळख कमरेपर्यंतच्या पाण्यातच झाली होती.

एकोणीसशे पन्नासनंतरची गोष्ट. लग्न होऊन मी नागपूरहून ब्रह्मपुरीजवळच्या धानाच्या गावात आले ती एक ट्रंक, एक पावडरचा डबा आणि भरपूर शहाणपण घेऊन. शहाणपण ट्रंकेत मावलं नाही म्हणून तोंडात ठेवलं होतं. त्याच फाल्गुनात वच्छीचं लग्न कोरपन्याकडं ठरलं. "तिकडं कापूसच कापूस आहे वयनी, तलाव नाई," एवढंच ती म्हणायची. बैलगाडीनं अर्ध्या दिवसावर, डोंगरांच्या खोऱ्यात एक जुना तलाव होता. धान घरात आलं की चुलतसासरे तिथं मुक्कामाला जायचे आणि वच्छी लहानपणापासून त्यांच्या गाडीत. सासर गाठायच्या आधी तिला एकदा, शेवटचं, तिथं राहायचं होतं. सासूबाई अडून बसल्या. "लग्न ठरलेली पोरगी पाण्यात उतरते, काही झालं त व्याह्याले काय सांगू मी?" वच्छीचं तोंड एवढंसं झालं, आणि माझं उघडलं. "मी आहे ना सोबत. मला चांगलं पोहता येतं!" नागपुरात आमचं घर तलावाच्या काठाला होतं. काठावर राहणं आणि पोहणं यांत फार फरक असेल असं मला तेव्हा वाटत नव्हतं.

सासूबाईंनी माझ्या भरवशावर पोरगी पाठवली! चुलतसासऱ्यांनी बांबू रोवून वर पळसाच्या फांद्या टाकल्या, आमची खोपी झाली. मी तिथंही आरसा टांगला. दुसऱ्याच दिवशी वानरानं तो नेला आणि झाडावर बसून माझ्याइतकाच वेळ त्यात पाहत बसला. रानात वच्छी पुढं, अनवाणी, ओटीत मोहाची फुलं वेचत. मागं मी, कडक इस्त्रीच्या लुगड्यात, प्रत्येक काट्याची भेट घेत. पळस असा फुलला होता की डोंगर पेटल्यासारखा दिसे. संध्याकाळी तीन दगडांच्या चुलीवर भात आणि मासोळीचा रस्सा. तसा रस्सा मी पुन्हा खाल्ला नाही... किंवा तशी भूक पुन्हा लागली नाही.

मग पोहायची वेळ आलीच. वच्छीनं घरून तुंबा आणला होता. वाळवून पोकळ केलेला भोपळा; आमच्या झाडीपट्टीतली लेकरं तो कमरेला बांधून पोहायला शिकतात. "बांध वयनी." मी म्हटलं, "मी काय लेकरू आहे?" आणि कासोटा खोचून खडकावरून थेट पाण्यात! पाय घसरला, नाकातोंडात पाणी गेलं. मी देवाचं नाव घेतलं, आईचं घेतलं, आणि नवऱ्याचंसुद्धा घेतलं, तेही मोठ्यानं! त्या काळी बाईनं नवऱ्याचं नाव घेतलं म्हणजे मरण अगदी उशाशी आलं असं समजावं. तेवढ्यात वच्छीचा आवाज आला, "वयनी, उभी राय ना वो! काऊन ओरडून राह्यली? पाणी कमरेइतकंच आहे!"

मी उभी राहिले. होतं खरं कमरेइतकंच. वच्छी हसून हसून पाण्यातच बसली.

परतीच्या गाडीत माझं हसू मावळलं. हिनं सांगितलं की माझी पत जाणार, आणि पुढं माहेरी आल्यावरही तिचं तलावावर जाणं बंद. दारातच सासूबाईंनी विचारलं, "काय वो, पोहते का वयनी?" वच्छीनं चेहरा असा गंभीर केला... "आई, अशी पोहली का विचारू नको! देवाले, दादाले, सगळ्याइले आवाज देत देत पोहली."

सासूबाई खूश. पुढं वच्छी माहेरी आली की त्याच म्हणायच्या, "जा तलावावर, वयनी आहे ना संगं." मग आम्ही दोघी जायचो, आणि सासूबाईंची ही भरवशाची वयनी गुपचूप कमरेला तुंबा बांधायची. तिसऱ्या वर्षी तो सोडला.

हे गेले तेव्हा वच्छी पहिल्या एसटीनं आली. घर बायकांनी भरलेलं, मी भिंतीशी. ती शेजारी बसली आणि कानात म्हणाली, "वयनी, उभी राय. पाणी कमरेइतकंच आहे..." मी खुदकन हसले. बायकांना वाटलं, हिच्या डोक्यावर परिणाम झाला.

तो तुंबा अजून आमच्या स्वयंपाकघरात खुंटीला आहे. एकदा चिरला, लाखेनं सांधला. आत दोडक्याचं बी ठेवते. परवा पणतीनं हट्ट धरला म्हणून बी काढून तिच्या कमरेला बांधला आणि तिला अंगणातल्या टबात सोडलं. ती आडवी झाली आणि "पणजी, बुडाले, बुडाले!" म्हणून गाव गोळा करू लागली. काय सांगायचं ते मला पाठ होतं. पण आधी मी पोटभर हसून घेतलं. वच्छीनंही आधी हसूनच घेतलं असणार.