जावयाच्या जागेवरचा खड्डा

आता काय सांगू तुम्हाले, घरातल्या घरात माणूस आपली फजिती किती प्रकारे करून घेऊ शकते, हे पाहायचं असेल तं आमच्या समता कॉलनीतल्या घरी या. चहा बिनसाखरेचा मिळेल. काहून, ते शेवटी कळेल. फक्त सोफ्याबद्दल विचारू नका. विचारलंच? बरं मग, बसा.

मी रेल्वेतून रिटायर झालेला माणूस. सारी नोकरी रुळाखालची गिट्टी कुठं दबली, हे पाहण्यात गेली. अख्खी मालगाडी जाते तो रूळ मी सरळ ठेवला! आणि घरचा सोफा? तो डाव्या कोपऱ्यात दबला, आणि उघडकीस आलं ते नेमकं दिवाळीत.

आमचे जावई निखिलराव पहिल्या दिवाळसणाले भिलाईहून आले होते. डावा कोपरा म्हणजे आमच्याकडची मानाची जागा, समोर कूलर, बाजूले खिडकी. मी मोठ्या थाटात त्यांले तिथं बसवलं. ते बसले, आणि बसले ते खालीच चालले! गुडघे वर, फराळाची प्लेट छातीवर. मी आणि माही पोट्टी रुपाली, दोघांनी हात धरून त्यांले बाहेर काढलं.

इथं तोंड बंद ठेवायचं की नाही? पण सासरा विनोदी आहे, हे जावयाले कळलं पाहिजे ना! मी म्हटलं, "जावईबापू, वजन वाढलं वाटते तुमचं!"

सारे हसले. जावईही हसले. मले वाटलं, झालं, विषय संपला.

मग लागला धोंड्याचा महिना. लग्नानंतरचा पहिलाच अधिक महिना, म्हणजे जावयाले जेवायले बोलवायचं, पुरणाचे धोंडे वाढायचे, तेहतीस अनारसे द्यायचे. आमची सुनंदा अनारशाचं पीठ करून, डबा भरून, नुसती वाट पाहून राहिली होती. तेवढ्यात रुपालीचा फोन.

"आई, जास्त काही करू नको. हे दिवाळीपासून गोड खाऊनच नाही राहिले. भातही बंद. सकाळी कोमट पाणी, संध्याकाळी काकडी."

"काहून वो? तब्येत बरी नाही का त्यांची?"

"बाबांले विचार!"

फोन ठेवून सुनंदा माह्याकडं वळली. बाप्पा, ती नजर! "अजी, माह्या जावयानं अनारसा नाही खाल्ला ना, तं तुमच्याही पानात पडणार नाही. काय करायचं ते करा."

आता माणसाचं डाएट तं मी सोडवू शकत नाही. पण सोफा? सोफा माह्या हातातला विषय होता!

मी रीतसर तपासणी लावली. उजव्या टोकाले एक लिंबू ठेवलं. ते गडगडत गेलं आणि डाव्या कोपऱ्यात जाऊन बसलं. उतार नक्की! मग सोफा उलटा केला, खालचं काळं कापड उसवलं. आत पाहतो तं काय, सीटखालचे पट्टे पार ढिले होऊन लोंबून राहिले होते. बिचाऱ्या जावयाचा काही दोषच नव्हता. रोज दुपारी त्या कोपऱ्यात पेपर तोंडावर घेऊन कोण घोरते, ते सांगायची गरज आहे का?

गोल बाजारातून नवे पट्टे आणले. ठोकले. सुनंदाले म्हटलं, "बस!" ती बसली. टण, टण, टण, सारे खिळे उपसून आले.

"झाला दुरुस्त?" तिनं खालूनच विचारलं.

पण मी हटतो काय? मागच्या खोलीतल्या पलंगावर, गादीखाली, प्लायची एक मस्त फळी होती. त्या पलंगावर झोपते कोण? रजयांचा ढीग! खाली बारीक लाकडी पट्ट्या होत्या, रजयांले तेवढं पुरे. सुनंदा देवळात गेली तशी फळी काढली आणि सोफ्याच्या गादीखाली सरकवली. लिंबू ठेवलं. हललं नाही! फळीचं मात्र मी कोणाजवळ बोललो नाही. कारागिरानं सारंच सांगितलं तं मान कुठं राहते?

जेवणाचा दिवस आला. निखिलराव घरात शिरले, सोफा पाहिला आणि जागीच उभे.

"बाबा, मैं कुर्सी पे बैठ जाता हूँ।" पोरगं मराठी, समजते सारं, पण बोलणार हिंदीत.

"छे छे! मानाची जागा सोडून खुर्ची? बसा!"

ते हळूच टेकले. सोफा दबला नाही. मग पुरते बसले. एकदा उसळी मारून पाहिली. आणि चेहरा असा फुलला म्हणता!

"रुपाली, देखो! ज़रा भी नहीं दबा! बोला था ना, ककड़ी से फ़रक पड़ता है!" आणि लगेच आत आवाज दिला, "मम्मी जी, अनारसे बन गए क्या?"

हव, बनले होते! धोंडे खाल्ले, अनारसे खाल्ले, वरून साधा भातही मागितला. सुनंदाचे डोळे भरून आले. मी मिशीवर हात फिरवून राहिलो होतो. आणि तेव्हाच ती म्हणाली, "निखिलराव, आता जरा आडवे व्हा. मागच्या खोलीत पलंग रिकामा करून ठेवला, नवी चादर टाकली."

त्या गादीखाली तं आता नुसत्या रजयांपुरत्या पट्ट्या! खरं सांगितलं तं फळी निघते. फळी निघाली तं पोराले कळते की सोफा दबला नाही तो फळीमुळं. मग अनारसे बंद, भात बंद, आणि सुनंदा माहं काय करेल? इकडं जावई तं चालूही लागले!

"मले चक्कर येऊन राहिली!" असं ओरडून मी त्यांच्या पुढं पळालो. चक्कर आलेला माणूस इतका पळते का, हे कोणी विचारायच्या आत मी पलंगावर अंग टाकलं.

कडाड!

पट्ट्या मोडल्या, गादी गेली, गादीसंगं मी गेलो. वर राहिले दोन पाय.

सारे धावत आले. जावयानं हात देऊन मले ओढून काढलं. आणि लग्नापासून जो पोरगा आमच्या घरात एक शब्द मराठी बोलला नव्हता, तो चक्क मराठीत बोलला, अक्षर न चुकता.

"बाबा, वजन वाढलं वाटते तुमचं!"

सारे हसले. मीही हसलो. दुसरं करतो काय?

जाताना त्यांनी सासूले माह्या आहाराचं सारं समजावून दिलं, आणि उरलेले अनारसे घेऊन गेले. सोफा मात्र एकदम टणक झाला, बरं का! आता रोज संध्याकाळी मी त्याच मानाच्या कोपऱ्यात बसून काकडी खातो.