अर्धी पाटी

"कोणाचं गं?" बाईने विचारलं. दारात उभी राहून, माझ्या पोटाकडे बघत.

माझा नवरा कधीचाच वारलेला. पोट पुढे आलेलं, पाय सुजलेले. समोर कोलंबीची पाटी. जिन्यातल्या शेजारणी पदर तोंडाला लावून हसल्या.

"आजार आहे, वहिनी," मी बोलले.

"आजारच म्हणतात त्याला."

टेंभी नाक्यामागची ती इमारत. कितीतरी वर्षं माझी बोहनी याच दारात व्हायची. भरलेली पाटी एकटीने डोक्यावर चढत नाही, कोणीतरी हात लावावा लागतो. ज्या घरी मासळी दिली त्या घराने हात द्यायचा, ही रीत. त्या दिवशी बाईने भाव पाडून कोलंबी घेतली आणि दार लावलं. "तुझ्या पाटीला हात लावून पाप कोण घेणार?" आतून बोलली. मी जिन्यातच बसून राहिले. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

सरकारी दवाखान्यात कळलं. काविळीचा जंतू रक्तात मुरलेला, लिव्हर आकसलेलं, पोटात पाणी साठलेलं. सुईने पाणी काढलं. नवीन आलेली एक गोळी रोज, मीठ बंद. शेजारच्या खाटांवर डबे यायचे, माणसं यायची. माझ्याकडे कोणी फिरकलं नाही, कारण कोळीवाड्यातही बाईचाच शब्द पोचलेला. मी भिंतीकडे तोंड करून अळणी पेज गिळायची. रडू यायचं, पण कोणाजवळ रडणार?

वर्षाने पोट उतरलं. डॉक्टर बोलले, "लिव्हर पहिल्यासारखं होणार नाही. पण गोळी सोडू नकोस, जगशील. जड उचलू नकोस." वाटलं, आता तरी लोकांना पटेल. पाटी घेऊन त्याच दारात गेले. बाईने वरून खाली बघितलं.

"पाडलंस वाटतं."

म्हणजे पोट होतं तेव्हा पाप, गेलं तेव्हाही पापच.

"डॉक्टरचा कागद दाखव, मग घेते मासळी."

कागद कमरेच्या पिशवीत होता. हात तिथवर गेलाही. मग अंगाची आग झाली. इतकी वर्षं मासा ताजा आहे हे पटवायला हिला कल्ले उघडून दाखवले. आता माझं पोट उघडून दाखवू?

"नाय दाखवणार," मी बोलले.

मी हात मागते का, ते बघत ती उभी राहिली. मी पाटी गुडघ्यावर घेतली, कठड्यावर टेकवली, तिथून डोक्यावर. डोळ्यांपुढे अंधारी आली, पण जिना उतरले.

आता पाटी अर्धीच भरते. माझी मला उचलेल तेवढी. धंदा अर्धा झाला, बोलायला घरी कोणी नाही. पण हात लावा म्हणून कोणाच्या दाराशी थांबणार नाही. हे सांगितलं ते माझ्या मर्जीने. कागद कोणाला दाखवणार नाही.