कॅन्ससमध्ये हरवलेला ट्रेलर

तो कागद मी पहिल्याच दिवशी हातात घेतला होता. पाहिला, क्रमांक टाकला, फाइलला लावला. वाचला मात्र नाही. तीस वर्षांहून अधिक काळ पोलीस खात्यात काढूनही हे एक प्रकरण माझ्या मनातून जात नाही, ते त्या न वाचलेल्या कागदामुळे.

माझे बाबा राजापूरकडून सिंगापूरला आले आणि जहाज दुरुस्तीच्या गोदीत वेल्डर झाले. मी इथेच वाढलो. शाळा संपताच पोलिसात भरती झालो, कारण घरात कॉलेजचा विषय कोणी काढलाच नव्हता. आता निवृत्तीनंतर मी पदवीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. लिहिण्याचा सराव आहे तो जबाब लिहिण्याचा. तेव्हा हे कुठे जबाबासारखे वाटले तर वाचकांनी सांभाळून घ्यावे. नावे कोणाचीच देत नाही.

निवृत्तीला वर्षभर राहिले असताना पूर्व भागातील एका कंपनीचा मॅनेजर आमच्या स्टेशनवर तक्रार घेऊन आला. कंपनीचे काम मला आधी नीटसे कळेना. ट्रक धावत होते अमेरिकेच्या मधोमध असलेल्या कॅन्सस राज्यात आणि त्यांना कुठून माल उचलायचा, कुठे पोचवायचा हे सांगणारी माणसे बसत होती इथे, सिंगापूरच्या एका इमारतीच्या सहाव्या मजल्यावर. तिकडची संध्याकाळ म्हणजे इकडची सकाळ. त्यामुळे तिकडची दुसरी पाळी इथून सांभाळली जायची.

तक्रार अशी होती. तांब्याच्या तारेने भरलेला एक ट्रेलर, म्हणजे ट्रकला मागे जोडतात तो लांब डबा, कॅन्ससमध्ये गायब झाला होता. कंपनीच्या संगणकावर मात्र माल पोचल्याची नोंद होती. ती नोंद कंपनीतल्या एका मराठी मुलीने केली होती. सोबत पोचपावतीचा फोटो जोडला होता. माल घेणाऱ्या कारखान्याचे म्हणणे, ही सही आमची नाही आणि आमच्याकडे रबरी शिक्का तर मुळात नाहीच. पावतीवर मात्र शिक्का होता.

"पावती बनावट आहे, सरळ दिसतंय," मॅनेजर म्हणाला. "तांबं विकून झालं असेल लाह. ट्रेलर नेणारा ड्रायव्हरसुद्धा रजा टाकून भारतात गेलाय. फोन बंद." वाक्याच्या शेवटी 'लाह' जोडणे ही इथल्या बोलण्याची सवय.

दोन दिवसांनी एक निनावी ईमेल आला. त्यात एवढेच होते, की या मुलीला अमेरिकेतल्या एका ड्रायव्हरचे कॉल तिच्या खासगी फोनवर येतात आणि ती जिन्यात जाऊन बोलते.

आम्ही तिला बोलावले. वय सव्वीस. गाव चाकणजवळ. दोन वर्षांपूर्वी एम्प्लॉयमेंट पासवर, म्हणजे इथल्या नोकरीच्या परवान्यावर आलेली. तिचा फोन तपासणीला घेतला आणि नियमाप्रमाणे पासपोर्ट ताब्यात घेतला. मॅनेजरने तिच्यादेखत सांगितले होते, की महिनाअखेर प्रकरण मिटले नाही तर तिचा पास रद्द होईल. म्हणजे गुन्हा शाबीत होवो न होवो, ती घरी जाणार आणि पुन्हा कुठे नोकरीसाठी अर्ज केला तरी हे मागे लागणार.

जबाब मी इंग्रजीतच घेतला. माझी सहकारी सार्जंट शेजारी बसली होती.

"हे कॉल कोणाचे?"

"एका ड्रायव्हरचे, सर."

"कामाचे होते तर ऑफिसच्या फोनवर का नाहीत?"

ती गप्प.

"त्याच्याबरोबरचं चॅट तुम्ही काल पुसून टाकलंत. का?"

"त्याचा मालाशी संबंध नाही, सर."

"मग कशाशी आहे?"

तिने टेबलाकडे पाहिले आणि पुन्हा तोंड उघडले नाही.

बाहेर आल्यावर सार्जंट म्हणाली, "सर, तुमच्या भाषेची आहे म्हणून हळू जाताय का?" ती हसत म्हणाली, पण मला लागले. मी मनाशी ठरवले, की या प्रकरणात एक मराठी शब्दही बोलायचा नाही.

इथे माझे चुकले. खोटे बोलणारा माणूस गप्प बसत नाही, तो जास्तीचे सांगतो. त्या दिवशी पाऊस होता, मी निळा शर्ट घातला होता, असले काहीबाही. जो दुसऱ्याची गोष्ट झाकत असतो तो दरवेळी एकाच ठिकाणी येऊन थांबतो. ही मुलगी तीनदा एकाच ठिकाणी थांबली. मला ते दिसत होते. पण हातात बनावट पावती होती ना. म्हणून मी शिक्का कोणी बनवला हे शोधत सुटलो. आम्ही रबरी शिक्के करणारी पाच दुकाने पालथी घातली. एका वयस्कर दुकानदाराने फोटो उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाला, "इतका वाईट शिक्का मी करत नाही." आम्ही तेही स्टेशन डायरीत लिहून ठेवले.

तिकडे कॅन्ससचे पोलीस महामार्गालगतचे ट्रकथांबे धुंडाळत होते. माग काढणारे यंत्र ट्रकला होते, ट्रेलरला नव्हते. आठ दिवस गेले.

त्याच आठवड्यात, शनिवारी, मी विद्यापीठात प्रवेशाचे कागद द्यायला गेलो. नोकरीत असतानाच अर्ज केला होता आणि कोणाला सांगितले नव्हते. खिडकीपलीकडची मुलगी माझ्या दाखल्यांच्या जुन्या प्रती चाळत होती. त्या बाबांनी जपून ठेवलेल्या होत्या आणि प्रत्येकीवर जांभळा शिक्का होता.

"अंकल, हा शिक्का कसला?"

"साक्षांकित प्रत आहे," मी जरा ऐटीत म्हणालो.

तिने कागद डोळ्यांजवळ नेला. "हा तर कम्युनिटी सेंटरचा आहे लाह. नुसतं 'मिळाले' लिहिलंय. तुमची प्रत खरी आहे असं कोणीच म्हटलेलं नाही."

मागे रांगेतली दोन मुले हसली. मीही हसलो, दुसरे काय करणार. बाबांना इंग्रजी वाचता येत नव्हते. कागदावर शिक्का बसला की तो पक्का, असे ते मानत. पण मला तर वाचता येत होते. इतकी वर्षे मी त्या प्रती सांभाळल्या, शिक्का पाहिला आणि अक्षरे एकदाही वाचली नाहीत.

तिथून मी घरी न जाता थेट स्टेशनवर गेलो.

पावतीचा फोटो पुसट होता आणि शिक्का उलटा बसलेला. सार्जंटने तो संगणकावर फिरवला, मोठा केला, काळा-पांढरा केला. हळूहळू एका गावाचे नाव उमटले. त्याखाली 'टायर आणि सर्व्हिस' असे शब्द, खाली फोन नंबर.

सार्जंटने तो नंबर उतरवून घेतला. मग म्हणाली, "सर, चोर बनावट शिक्का करेल तर कारखान्याचा करेल. टायरवाल्याचा कशाला करेल?"

सोमवारी सकाळी त्या मुलीला परत बोलावले. सुरुवातीलाच नोंद केली, की जबाबाचा काही भाग मराठीत घेत आहे आणि त्याचे इंग्रजी करून दोघांच्या सह्या होतील. मग मी मोठा केलेला फोटो तिच्यापुढे ठेवला आणि मराठीत म्हणालो, "हे वाचा बरं."

तिने वाचले. पुन्हा वाचले. तिचा चेहरा पडला.

"अरे देवा," ती हळूच म्हणाली. "हे टायरच्या दुकानाचं आहे."

"तुम्ही तेव्हा वाचलं नव्हतं?"

"नाही, सर. सही होती, शिक्का होता. माझे बाबा ट्रक चालवतात. सातवीपासून त्यांचे कागद मीच भरते. ते फोनवर एकच विचारायचे, शिक्का बसला का? बसला म्हणजे माल पोचला. मी शिक्का बघितला आणि पोचल्याची नोंद टाकली."

"आणि हा फोटो तुमच्या खासगी फोनवर का आला?"

पुन्हा तीच जागा आली. या वेळी मी पुढचा प्रश्न विचारला नाही. थांबलो. बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "मी सांगितलं तर चाचाजींची नोकरी जाईल."

चाचाजी म्हणजे तोच रजेवर गेलेला ड्रायव्हर, पंजाबी. साठीचा माणूस. इंग्रजी बोलण्यापुरते येत होते, वाचणे जमत नव्हते आणि तिकडे ट्रक चालवणाऱ्याला ते यावे असा नियम. तो कागदांचे फोटो काढून हिला पाठवायचा, ही जिन्यात उभी राहून हिंदीत वाचून दाखवायची आणि त्याचे फॉर्म भरून द्यायची.

"तुमचा पास जातोय, हे कळत होतं ना तुम्हाला?"

"कळत होतं, सर. पण त्यांनी काही केलेलं नाही. आणि मी शब्द दिला होता."

"त्यांनी काही केलेलं नाही हे सिद्ध व्हायचं तर त्यांच्या वाचण्याची ही गोष्ट मला लिहावी लागेल."

तिने डोळे पुसले. "लिहा. पण ते चांगला ट्रक चालवतात, हेही लिहाल का?"

मी लिहिले. त्या जबाबात ते वाक्य आजही असेल.

मंगळवारी सकाळी सात वाजता मी डायरीत नोंद करून सार्जंटच्या समोर शिक्क्यावरचा नंबर लावला. तिकडे सोमवारची संध्याकाळ होती. फोन दुकानाच्या मालकाने घेतला. मी सिंगापूर पोलिसातून बोलतोय म्हटल्यावर तो म्हणाला, "हे बघा, मला काही विकत घ्यायचं नाही."

मी घाईघाईने ट्रेलरचा नंबर सांगितला.

"अच्छा, तो," तो म्हणाला. "आहे की. मागच्या मोकळ्या जागेत उभा आहे. टायर बदलून ठेवलाय. कोणी न्यायलाच येत नाही. गवत कापताना मला त्याला वळसा घालावा लागतो."

"दाराचं सील?"

"जसंच्या तसं. मी कशाला हात लावू?"

सार्जंटने तोंडावर हात धरला होता. ती हसते आहे की काय, मला कळेना.

झाले होते ते इतके साधे होते. वाटेत ट्रेलरचा टायर फुटला. तिकडच्या नियमाप्रमाणे अकरा तास गाडी चालवली की दहा तास विश्रांती घ्यावीच लागते आणि चाचाजीचे तास संपत आले होते. त्याने ट्रेलर महामार्गापासून आत असलेल्या त्या दुकानात सोडला. दुकानदाराने ट्रेलर ठेवून घेतल्याची सही आणि शिक्का मालाच्या कागदावरच मारून दिला. चाचाजीने ऑफिसला कळावे म्हणून नेहमीप्रमाणे हिच्या फोनवर फोटो पाठवला आणि तो झोपला. इकडे हिने माल पोचल्याची नोंद केली. ती होताच संगणकाने चाचाजीला सकाळी दुसरा ट्रेलर ओढायला दिला. त्याला वाटले, ऑफिसला सगळे कळले आहे, पहिला ट्रेलर दुसरे कोणी नेईल. ते काम संपवून तो भाचीच्या लग्नाला गावी निघून गेला.

कॅन्ससच्या पोलिसांकडून रीतसर खात्री करून घेतली. सील शाबूत, माल पूर्ण. आमच्याकडून प्रकरण पुढील कारवाईशिवाय बंद झाले. मॅनेजर आला तेव्हा खाली मान घालून म्हणाला, "तो कागद आम्ही सगळ्यांनी पाहिला होता." मी म्हणालो, "मीसुद्धा." कंपनीने मुलीला लेखी समज दिली, पण पास ठेवला. चाचाजी रजेवरून परतल्यावर त्याला दोन गोदामांमधले ठरलेले काम दिले, जिथे कोणाचे कागद वाचावे लागत नाहीत, आणि इंग्रजी वाचायला शिकण्यासाठी सहा महिन्यांची मुदत दिली.

हे सारे मला पुढे सिंगापूरच्याच ईस्ट कोस्ट किनाऱ्यावर कळले. रविवारी मी फिरत होतो, तेव्हा ती आई-बाबांना समुद्र दाखवायला आली होती. तिने ओळख करून दिली. वडील रांगडे, हसरे. त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला.

"साहेब, चूक पोरीची नाही. तिला शिक्का बघायला मीच शिकवलं."

"बाबा, झालं ना आता," ती म्हणाली.

"झालं कसं? त्या पंजाब्याला आता रोज रस्त्यावरच्या पाट्या वाचायला लावते फोनवर. आणि मला इथं ते हॉकर सेंटरमधल्या खाण्याच्या टपऱ्यांचे बोर्ड वाचायला लावतीय. भूक लागलीय म्हटलं तर म्हणते, आधी वाचा."

"मग वाचलंत का?" मी विचारले.

"वाचलं की. माशाचं डोकं लिहिलं होतं. उपाशी राहिलो."

त्या प्रकरणाने मला काय शिकवले, हे सांगताना थोडा संकोच वाटतो, कारण ते एखाद्या नव्या शिपायालाही माहीत असावे. एक तर पुरावा हातात आहे असे वाटले, की माणूस तो पाहायचे थांबवतो. दुसरे, गप्प बसणारा प्रत्येक जण स्वतःलाच वाचवत असतो असे नाही. आमच्या जबाबाच्या शेवटी एक ठरलेला प्रश्न असतो: आपल्याला आणखी काही सांगायचे आहे का? इतकी वर्षे मी तो प्रिंटच्या बटणावर बोट ठेवून विचारत आलो होतो. समोरचा 'नाही' म्हणायच्या आत कागद बाहेर येऊ लागायचा. उरलेल्या काही महिन्यांत मी तो विचारून हात मांडीवर ठेवायचो आणि वाट पाहायचो. बहुतेक जण 'नाही'च म्हणाले. काही जण मात्र खुर्ची जरा पुढे ओढून बोलू लागले.