आक्का प्रयोगात हरली तो दिवस

“आक्का गेली गं...” अण्णांचा फोन आला तेव्हा मी हिंडलग्याच्या शाळेत तिसरा तास घेत होते. अण्णा म्हणजे माझे वडील, बोरगावचे शेतकरी. आक्का त्यांची थोरली बहीण, म्हणजे माझी आत्या, पण तिला आत्या कुणीच म्हटलं नाही; बेळगावातल्या अख्ख्या टिळकवाडीची ती आक्काच. सकाळी चहा घेतला, पेपर वाचला, जरा पडते म्हणाली आणि उठलीच नाही. त्याला आता पाच आठवडे झाले. रडका लेख लिहायचा नाही असं ठरवूनच बसले आहे, कारण तिला तो खपला नसता. आणि खरं सांगायचं तर मला रडू कमी येतंय, अभिमानच जास्त वाटतोय.

बोरगावातून हट्टाने बेळगावला शिकायला आलेली ही मुलगी पुढे मुलींच्या हायस्कुलात तीसेक वर्षं विज्ञान शिकवत राहिली. लग्नाचं विचारलं तर “राहून गेलं” म्हणायची, ते अशा आवाजात की कुणी पुन्हा विचारत नसे. मीही तिच्या वर्गात होते. एकदा माझा प्रयोग बिघडला, म्हणून मी शेजारणीच्या वहीतून उत्तर उतरवलं. आक्काने मला उभं केलं. “तुला जे दिसलं ते तू लिही. तिला दिसलं ते ती लिहील.” सख्ख्या भाचीला एवढं बोलणारी बाई भावाला काय सोडणार होती?

नऊ वर्षांपूर्वी अण्णांच्या हृदयाची झडप बदलून धातूची बसवली. अशा झडपेवर रक्ताची गुठळी धरू शकते, म्हणून रक्त पातळ ठेवायची गोळी जन्मभर घ्यायची आणि दर महिन्याला तपासणी करायची. रक्त किती पातळ आहे ते सांगणारा आकडा फार खाली गेला तर गुठळीची भीती, फार वर गेला तर रक्तस्रावाची. साध्या तापालाही गोळी न घेणारा माणूस; दोन वर्षांत वैतागला. तेवढ्यात निपाणीचा एक व्यापारी भेटला. अण्णा वर्षानुवर्षं त्यालाच सोयाबीन घालत आलेले. त्याने एक बाटली हातात ठेवली. आंबवलेल्या सोयाबीनमधून काढलेलं एन्झाइम म्हणे, नैसर्गिकरीत्या रक्त पातळ करणारं. अण्णांना ते लगेच पटलं. आपल्याच रानात पिकणारी गोष्ट आपल्याला कशी बाधेल! मग कुणाला न विचारता त्यांनी आपल्या शेतीच्या हिशेबाने मार्ग काढला... एक दिवस गोळी, एक दिवस कॅप्सूल. रानाला नाही का, एकदा शेणखत आणि एकदा युरिया!

पुढच्या तपासणीत आकडा घसरला. आक्का दर वेळी सोबत जायची. तिने रिपोर्ट पाहिला, मग भावाच्या तोंडाकडे पाहिलं, आणि रिक्षात बसायच्या आत बाटली सदऱ्याच्या खिशातून बाहेर आली होती. त्या दिवशी मीही सोबत होते; मला वाटलं आता आकाशपाताळ एक करणार. पण ती म्हणाली, “आजची गोळी आधी घे माझ्यासमोर. मग बघूया, ही कॅप्सूल करतीय तरी काय.”

तिचा होरा सरळ होता. एन्झाइम म्हणजे प्रथिन. पोटातल्या आम्लात ते डाळीसारखंच पचून जाणार, रक्तापर्यंत पोचणार कसलं? तेच भावाच्या डोळ्यांना दाखवायचं. स्वयंपाकघरातल्या ओट्यावर तिने लिंबाचा रस काढला आणि त्यात अख्खी कॅप्सूल दोन तास ठेवली. मग ती आतडं समजून वाटीतल्या खायच्या सोड्याच्या कोमट पाण्यात टाकली, उकडलेल्या अंड्याच्या पांढऱ्याचा तुकडा त्यात सोडला आणि सगळं दही लावायच्या उबेच्या जागी झाकून ठेवलं. शेजारी नुसत्या सोड्याच्या पाण्यातला दुसरा तुकडा. एन्झाइम शाबूत असेल तर ते अंड्यातलं प्रथिन खाणार; तुकडा जसाच्या तसा राहिला म्हणजे ते लिंबातच मेलं, हा तिचा हिशेब.

दुसऱ्या दिवशी सकाळी झाकण काढलं आणि आमची आक्का सपशेल तोंडावर पडली. नुसत्या सोड्याच्या पाण्यातला तुकडा होता तसा होता. कॅप्सूलच्या पाण्यातला कडेने झिजून पार लिबलिबीत झाला होता. कॅप्सूलला आम्लात न विरघळणारा थर होता, लिंबाने तिचं काहीच बिघडवलं नव्हतं. अण्णा लहान पोरासारखे हसले. “हरलीस का न्हाय आक्का? हरलीस!”

दुसरी कुणी असती तर वाटी मोरीत रिकामी करून मोकळी झाली असती. आक्काने वही काढली, दिसलं ते जसंच्या तसं लिहिलं आणि म्हणाली, “हरले. आता बस हितं. माझं लिंबू म्हणजे तुझं पोट न्हाय, आणि ही वाटी म्हणजे तुझं रक्त न्हाय. आतड्यातनं रक्तात किती उतरतं, किती वेळ टिकतं, त्यावर संशोधन चालू हाय. पण तुझ्यासारख्या झडपवाल्यांना त्याच्या भरवशावर सोडा, असं कुणी छातीठोक सांगितलेलं माझ्या वाचनात न्हाय. ते काम करत नसलं, तर गोळी चुकवलीस त्या दिवशी तुला आधार कशाचा? आणि करत असलं तर मला जास्तच भ्या वाटतंय रं. एकाच रानात दोघांनी एकमेकांना न सांगता तणनाशक मारलं तर पिकाचं काय हुतं?”

“पीक जळतंय,” अण्णा म्हणाले.

“तुझ्या तपासणीचा आकडा गोळीचा हाय. हिचा जोर त्यात नीट दिसायचा न्हाय. मग कुठं दिसतो, ते तुझ्या व्यापाऱ्याला इचार.”

अण्णांनी आमच्यासमोरच फोन लावला. स्पीकरवर व्यापाऱ्याचा आवाज आला, “अण्णा, नैसर्गिक हाय हो. मोजायचं कशाला?”

त्या एका वाक्याने तो संपला! अण्णा ताडकन उठले. “माझं सोयाबीन घेताना मशीन लावून वलावा मोजतोस, वजन कापतोस. आणि माझ्या रक्तात घालताना मोजायचं कशाला म्हणतोस व्हय रं? ठेव फोन!”

त्याच दिवशी तिघं बाटलीसकट डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी कॅप्सूल बंद करायला सांगितली, गोळी नीट बसवून दिली. त्यानंतर अण्णांची एक गोळी चुकलेली नाही. हरलेल्या प्रयोगातून भाऊ जिंकून आणणारी बाई मी दुसरी पाहिली नाही.

परवा तिच्या खोलीतलं सामान आवरायला अण्णा आणि मी टिळकवाडीला गेलो. भर दुपार, अण्णा तिच्या वेताच्या खुर्चीत बसलेले. “आक्का लई चिक्कू होती बघ,” ते म्हणाले. “मी आलो की पाच मिनिटं पंखा बंद करून शेजारी बसायची. बोलायची पण न्हाय. लाइट बिल वाचवत हुती...” मी काही बोलायच्या आतच लाइट गेली. पंखा गरगरत थांबला, खोली शांत झाली, आणि अण्णांच्या सदऱ्याआडून आवाज यायला लागला... टिक्, टिक्, टिक्... धातूच्या झडपेचा, घड्याळासारखा बारीक आणि अगदी नेमाने. आक्का कसलं बिल वाचवत होती ते मला तेव्हा कळलं. थोड्या वेळाने लाइट आली, पंखा पुन्हा फिरायला लागला.

मी उठले आणि बंद केला.