पुढचं उघडच आहे

दुपारचं ऊन पडद्यातून अंथरुणावर आलंय. मांडीवर माझ्या टिपणांचा गठ्ठा आहे. एम.एस्सी.चं गणित, मराठीतून. शहरात राहून शिकणं ज्यांना परवडत नाही त्यांच्यासाठी, फुकट. उद्या छापायला जायचाय. पण आधीच एक प्रत वाचायला दिलेल्या शेवंतीचा सकाळी निरोप आला. काजूच्या कारखान्यात काम करून ती बाहेरून परीक्षा देते. लिहिते, 'मॅडम, पान एकेचाळीसला अडकले. माझं डोकंच कमी. यंदा फॉर्म भरत नाही.' मुदत आज संध्याकाळपर्यंत. काय लिहावं तिला, या विचारातच डोळे जड होतात.

झांजा वाजतायत. रामाच्या देवळाचा सभामंडप. समोर पेठकर सर उभे. मला गणित शिकवलेले, जाऊन अकरा वर्षं झालेली. कमरेला उपरणं, एका हातात चिपळ्या, दुसऱ्यात खडू.

"या बाई! कीर्तनाला पहिली रांग, माझ्या तासाला शेवटची. अजून तश्शाच!"

मी हसत वाकते. "सर, टिपणं वाचलीत?"

"वाचली. सुरेख. एकेचाळिसावं पान म्हणा बघू, मोठ्यानं."

"एन ही संख्या पुरेशी मोठी घ्या. पुढचं उघडच आहे."

झांजा थांबतात. सर कपाळावर हात मारतात.

"बुवांनी सीतामाईला अशोकवनात बसवलं, 'पुढचं उघडच आहे' म्हणाले नि आरतीला उठले, तर?"

"मी पहिली भांडेन!"

"मग?"

मंडपाच्या जागी आता कारखान्यातली लांब टेबलं आहेत. शेवंती काजू सोलतेय. मान वर न करता विचारते, "मॅडम, मालक म्हणाला, डब्यात पुरेसे काजू भर, तर मी किती भरू?"

मी पान उलटसुलट करून बघते; आकडा कुठेच नाही.

"शहरातल्या पोरांना अडलं तर विचारायला चार जण असतात," सर हळूच म्हणतात. "हिला फक्त तुमचं पान. फुकट दिलंत बाई, पण दार लावून दिलंत."

"कान पकडते, सर."

"कान सोडा, पेन धरा." आणि बुक्क्यात बुडवलेला अंगठा ते माझ्या पानावर टेकवतात.

जाग येते. चार वाजलेत. घरात बुक्क्याची पुडी नाही, आणि पान एकेचाळीसवर 'उघडच आहे' हे शब्द अंगठ्याएवढ्या काळ्या ठिपक्याखाली गेलेत. रामराया! मी फोन लावते.

"शेवंती, फॉर्म भर. डोकं माझं कमी पडलं, तुझं नव्हे. एन केवढा घ्यायचा ते सांगते, वही घे."

"थांबा हं मॅडम, हात चिकट आहेत. धुऊन आलेच."

ती येईस्तोवर मी पानावरचा बुक्का बोटावर घेते आणि कपाळी लावते.