सकाळी सुनावणी, संध्याकाळी सत्कार

शाल माझ्या हातात होती. ज्यांच्या खांद्यावर ती घालायची, ते रफिकभाई सकाळीच माझ्या ऑफिसात तडीपारीच्या सुनावणीला उभे होते.

संध्याकाळी शांतता समितीची मीटिंग होती. गणपती आणि ईद लागोपाठ आले होते. सणाआधी मंडळांतली, मोहल्ल्यांतली जाणती माणसं पोलीस ठाण्यात बोलवायची आणि चहा-बिस्किटांवर शांततेच्या गोष्टी करायच्या, ही आमची जुनी रीत. मी एसीपी, म्हणून अध्यक्ष. ठाण्याचे इन्स्पेक्टर माइकवर सांगत होते, की गेल्या वर्षी मिरवणूक मशिदीपाशी अडली, तेव्हा रफिकभाईंनी दोन्हीकडच्या पोरांना आवरलं. टाळ्या पडल्या. मी शाल घातली. रफिकभाई वाकून हळूच म्हणाले, "साहेब, बाहेरगावी थंडीला कामाला येईल."

हसावं की मान खाली घालावी, मला कळेना.

तडीपारी म्हणजे काय ते सांगतो. एखाद्याच्या धाकामुळे लोक तक्रार द्यायलाही धजत नाहीत असं दिसलं, तर त्याला काही काळ जिल्ह्याबाहेर घालवता येतं. कोर्टात गुन्हा शाबीत व्हायलाच हवा असं नाही. ठाण्याने प्रस्ताव पाठवायचा, एसीपीने चौकशी करायची, डीसीपीने ऑर्डर काढायची. औषध जालीम आहे, म्हणून बेताने द्यायचं असतं.

पण त्या दिवसांत बेत कुणालाच सुचत नव्हता. नाशकात भर रस्त्यात एका तरुणाचा खून झाला होता. त्याचा व्हिडिओ गंगापूर रोडपासून एकलहऱ्यापर्यंत प्रत्येकाच्या मोबाइलवर पोचला. मोर्चा निघाला. त्यात कुंभमेळा तोंडावर. लोकांचं काही चुकत नव्हतं, ते घाबरले होते. वरून फोन आले, तडीपारीचे प्रस्ताव वाढवा. ठाणी कामाला लागली.

रफिकभाईंवर तरुणपणीचे मारामारीचे दोन गुन्हे होते. दोन्हींतून निर्दोष सुटलेले. आता जुन्या नाशकात त्यांचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे, म्हणजे जळालेल्या मोटारीत नवी तार भरून द्यायची. सकाळी ते म्हणाले होते, "केसेस होत्या साहेब, मी नाही कुठं म्हणतो? पण वर्षभर दुकान बंद राहिलं तर गिऱ्हाईक परत येत नसतं. या वयात परक्या गावात कुणाच्या दारात उभा राहू?" मी नेहमीचं सरकारी उत्तर दिलं होतं, विचार करू.

मीटिंग संपल्यावर इन्स्पेक्टरना थांबवून घेतलं. माणूस हुशार, कामाचा. विचारलं, ज्याला हाकलायला निघालात त्याचाच सत्कार करता? ते चपापले. प्रस्तावावर सही त्यांची, पण तो तयार केला होता एका टेबलाने आणि सत्काराची नावं दिली होती शेजारच्या टेबलाने. दोघं डबा मात्र एकत्र खात.

"आणि जे खरे दादा आहेत, त्यांचे प्रस्ताव कुठे आहेत?" मी विचारलं.

"सर, ते नोटीस बजावायला सापडत नाहीत. कधीच घरी नसतात. हे सापडतात."

उत्तर इतकं प्रामाणिक होतं की मला रागावताही येईना.

दुसऱ्या दिवशी डीसीपी मॅडमना भेटलो. प्रस्ताव रद्द करावा, जुन्या गुन्ह्यांवरून आजचा धोका दिसत नाही, असं सांगितलं. त्यांच्यावरही वरचा दबाव होताच.

"आकडा कमी होईल," त्या म्हणाल्या.

"होईल, मॅडम. पण सत्काराचा फोटो आज पेपरात आलाय. तडीपारीची बातमी त्याच्या शेजारी लागली तर?"

मॅडमनी पेपर मागवला, फोटो बघितला आणि मनापासून हसल्या. नोटीस रद्द झाली. प्रत्येक प्रस्तावात माणूस सध्या काय करतो हेही लिहायचं, असं त्यांनी त्याच आठवड्यात सगळ्या ठाण्यांना कळवलं. न सापडणाऱ्यांच्या मागे वेगळी टीम लावली. त्यातले काही सापडले आणि रीतसर चौकशी होऊन जिल्ह्याबाहेर गेले.

रफिकभाईंच्या हातात नोटीस रद्द झाल्याची ऑर्डर दिली तेव्हा मला फार बरं वाटलं. ते मात्र दुकानात मोटार उघडी टाकून आलोय म्हणाले आणि निघाले. मोठा गुन्हा घडला की कायदा कडक वापरावा असं लोकांना वाटतं, मलाही वाटतं. फक्त एवढं शिकलो, की पोलिसाने कडी वाजवल्यावर जो माणूस स्वतः येऊन दार उघडतो, त्याला तडीपार करायची घाई करू नये.