लिंबू आणि संगमरवर

बुलढाण्यातल्या आमच्या घराला पांढरा संगमरवर बसवला, तेव्हा मी गल्लीभर मिरवत होते. दर्शनी खांबांपासून पोर्चपर्यंतचा सगळा दगड माझ्या धाकट्या भावाने राजस्थानातून आणून दिला होता. देऊळघाटला त्याचं फरशीचं दुकान आहे.

वर्षभरात पोर्चमध्ये डाग पडले. चकाकी उडालेली, हात फिरवला तर खरखरीत. सासऱ्यांनी निकालच देऊन टाकला, "सूनबाई, तुह्या भावानं आपल्याले टोपी घातली." हे त्यांनी त्याच्या तोंडावरही ऐकवलं. तेव्हापासून भाऊ आमची पायरी चढला नाही. राखी मी त्याच्या दुकानात जाऊन बांधली आणि परतताना बसमध्ये रडले.

मी शाळेत भूगोल शिकवते, पण घरात तो कोणी विचारत नाही. एकदा पोर्च पुसताना लक्षात आलं, डाग नेमके गाडीच्या चाकांखाली आहेत. आणि प्रवासाला निघताना नजर लागू नये म्हणून तिथे लिंबं कोण चिरडतं? सासरे, स्वतः! मला हसूच फुटलं.

दसऱ्याला घर भरलेलं होतं. गाडीच्या पूजेआधी मी उरलेल्या संगमरवराचा तुकडा आणि कुंपणाचा एक काळा दगड शेजारी मांडला, दोन्हींवर लिंबू पिळलं.

"हे काय करून राह्यली तू?" सासरे म्हणाले.

"चहा घ्या मामाजी, मग सांगते."

चहा झाल्यावर दगड पुसले. काळा जसाच्या तसा. संगमरवरावर तोच डाग! मग मी सुटलेच. संगमरवर म्हणजे जमिनीच्या पोटात दाबून, तापून घट्ट झालेला चुनखडक. आंबट लागलं की झिजणारच. आपला काळा दगड म्हणजे थंड झालेला लाव्हा, त्याला लिंबाचं काय! पाहुण्यांसमोर मी इतकं मोठ्याने कधी बोलले नव्हते. फार मजा आली.

सासरे अंगठ्याने डाग चोळत राहिले. "म्हंजे डाग मीच पाडले म्हन."

"हाव," मी म्हटलं.

दसऱ्याचं सोनं द्यायला लहानांनी थोरांकडे जायचं असतं. त्या संध्याकाळी सासऱ्यांनी आपट्याची पानं खिशात घातली आणि म्हणाले, "चाल, तुह्या भावाकडे." देऊळघाटला भर बाजारात त्यांनी त्याच्या हातात सोनं ठेवलं. "माहं चुकलं, पोरा. उद्या घरी जेवाले ये."

भावाने माझ्याकडे पाहिलं. मी मान ताठ ठेवून उभी होते.